घरचा पाटा, शेतातले दगड

एप्रिल सरत आला, की माण, खटाव, आटपाडी, जत, आष्टी, पाथर्डी अशा माळरानी तालुक्यांत भंगारच्या दुकानांचा कारभार उलटा चालू लागतो. एरवी तिथे येणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो. या दिवसांत तो घ्यायला येतो. नेमकं काय हवंय, हे दुकानदार विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं : "बघू द्या जरा." मग पाहुणा ढिगाऱ्याभोवती फेऱ्या घालतो. पाडलेल्या घराचा गर्डर उचलून बघतो, ट्रकच्या चासीचा तुकडा पायानं ढकलून बघतो, बोअरच्या जुन्या केसिंग पाइपवर दगड ठोकून आवाज ऐकतो. त्या आवाजावरून त्याला काय कळतं, ते दुकानदाराला आजवर समजलेलं नाही. लांब असावं, जड असावं, एखादी तरी कड धारेची असावी आणि किलोच्या भावात मिळावं, एवढ्या अटींत बसणारं लोखंड एकदाचं सापडलं, की ते मोटारसायकलवर आडवं बांधून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रहदारी थांबवत वेल्डिंगच्या दुकानाकडे निघतं. त्याचा पाटा व्हायचा असतो.

पाटा म्हणजे तसं पाहिलं तर औजारांतलं सगळ्यात साधं औजार. त्याला फाळ नाही, चाक नाही, पाती नाहीत. ट्रॅक्टरमागे ओढायचं आडवं वजन, एवढीच त्याची व्याख्या. नांगरलेल्या रानातली ढेकळं फोडायची, टेपाडावरची माती खरवडून लवणात नेऊन टाकायची आणि जाता जाता रान दाबून बसवायचं, हे त्याचं काम. बैलांच्या काळात ते बाभळीच्या ओंडक्याचा मैंद करायचा. कोकणात भातखाचराच्या चिखलावरून फळी फिरायची. माती जास्त हलवायची असली, तर केणी जुंपत. नदीकाठच्या काळ्याभोर सपाट रानात पाट्याला अर्ध्या दिवसाचं काम असतं. माळावर मात्र तो पिढीजात उद्योग होतो, कारण माळावर मातीबरोबर दगड असतात.

दगडांच्या बाबतीत महाराष्ट्राला निसर्गानं काही कमी पडू दिलेलं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि आजही या काळ्या दगडानं पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख व्यापला आहे. महाराष्ट्राचा तर सुमारे ८० टक्के भाग त्यावरच बसला आहे. हा कातळ झिजतो तो कांद्यासारखा, पापुद्र्यापापुद्र्यानं. बाहेरच्या पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची पुढे माती होते, आणि मधला गाभा गोल गोटा म्हणून शिल्लक राहतो. हा गोटा मग नांगराच्या वाटेत यायची वाट बघत पडून असतो.

माळावरच्या प्रत्येक शेतकऱ्याची एक तक्रार असते. मागच्या उन्हाळ्यात ट्रॉल्या भरभरून दगड काढले, बांधावर रचले, रान लख्ख केलं. यंदा बघावं तर पुन्हा तेवढेच. याचा पहिला संशय भावकीवर जातो. रात्रीतून बांधावरून दगड भिरकावणारा चुलतभाऊ ही कल्पना मनाला लगेच पटते, कारण तो मनुष्य तसा आहेच. पण निदान या एका गुन्ह्यातून त्याची सुटका करावी लागते.

खरा गुन्हेगार काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली घसरते. गोटा मोठा असल्यामुळे तो भेगेच्या तोंडाशीच अडकून राहतो. मग पाऊस येतो, खालची माती फुगते आणि वरचं सगळं आणखी वर रेटते. वर्षानुवर्षं हे चाललं, की माती खाली आणि दगड वर असा हिशेब होतो. पावसाचं पाणी वरची बारीक माती वाहून नेतं, त्यामुळे उरलेले दगड आणखी उठून दिसतात. त्यात पलटी नांगरानं एक फूट खोल घातलं, की आजोबांच्या बैलनांगराला कधी न भेटलेले धोंडे नातवाच्या भेटीला येतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातले शेतकरी हेच रडगाणं गात आले. तिथे काम मातीच्या फुगण्याऐवजी गोठणाऱ्या पाण्यानं केलं. बर्फ दरवर्षी हिवाळ्यात दगड उचलून वर आणून देई, आणि शेतकरी ते बिनचाकाच्या लाकडी घसरगाडीवर लादून बांधाला नेत. तिथल्या हजारो मैलांच्या दगडी कुंपणांकडे आज पर्यटक कौतुकानं बघतात. ती कुंपणं मुळात शेतातल्या अडगळीची रास आहे.

असो. वेल्डिंगच्या दुकानात लोखंड उतरलेलं आहे.

पाट्याला सगळ्यात उत्तम लोखंड कोणतं, यावर गावोगाव एकमत आहे : रेल्वेचा रूळ. मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला ६० किलो भरतो, त्याआधीच्या घडणीचा ५२ किलो. दोन मीटरचा तुकडा मिळाला, तर शंभर किलोंच्या वर वजन आपोआप आलं, शिवाय सरळपणाची हमी. अडचण एवढीच, की रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयी १९६६ चा एक कायदा आहे, आणि रूळ बाळगणाऱ्याला तो आला कुठून हे सांगावं लागतं. रेल्वे आपल्या मोडीचे रीतसर लिलाव करते, पावत्याही देते. पण पावतीसकट रूळ बाळगणारा माणूस सहसा भेटत नाही. वेल्डिंगच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐरण म्हणून हातभर रूळ असतो. चौकशी केली, तर तो वडिलांच्या वेळेपासून आहे एवढं सांगण्यात येतं. त्याच्या मागचा इतिहास उपलब्ध नसतो.

मोडीतून औत काढायची परंपरा मात्र चांगली घरंदाज आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंड लागलं की जमीन नासते म्हणून शेतकरी त्याच्याकडे ढुंकून बघेनात. नांगर खपायला लोहार होऊन भागलं नाही, मास्तर व्हावं लागलं. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, आणि तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी तोफा नांगर ओतायला दिल्या, असं सांगतात. तोफेचा नांगर होऊ शकतो, तर ट्रकच्या चासीनं पाटा व्हायला का लाजावं?

पाटा बनवताना वेल्डर एकटा नसतो. त्याच्या दुकानापुढे बाकडं असतं, आणि बाकड्यावर सल्लागार मंडळ. वेल्डिंग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, की ते आपोआप भरतं.

"लोखंड आडवं का लावतोस? तिरकं लाव. माती बाजूला सरकली पाहिजे."

"तिरकं लावलं, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढील."

"आमच्या तात्यांचा मैंद सरळच होता. काय बिघडलं त्यांचं?"

"तुमच्या तात्यांचं रानच कुठं सरळ होतं?"

यावर वेल्डर काही बोलत नाही. तो हातावर हात मोजून लांबी धरतो, खडूनं खूण करतो, ती खूण मंडळातला एकजण चपलेनं पुसतो. एक गट एकच जाड तुळई हवी म्हणतो, दुसरा दोन हव्यात म्हणतो, आणि तिसऱ्याला वाटतं, की मागे जुन्या खाटेची जाळी बांधली तर हरळीच्या काशाही निघतील. तिसऱ्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या रानात पाट्यामागे खाट फिरताना दिसते.

हा एक-का-दोन-तुळयांचा वाद वाटतो तितका पोकळ नाही. एकच तुळई उंचवट्यावर आली की स्वतःच वर चढते, खळग्यात आली की खाली उतरते. रान जसं असेल तसंच्या तसं गुळगुळीत करून देते. दोन तुळया हात-दीड हात अंतरानं जोडल्या, की पुढची टेपाडावर असताना मागची खाली असते. सांगाडा दोन्हींच्या मधल्या पातळीवर चालतो, पुढची खरवडते आणि मागची पसरते. सांगाडा जितका लांब, तितका रानाचा चढउतार कमी होतो. पण लांबी वाढली की बांधाशी वळायला जागा उरत नाही, आणि तिथूनच पुढची भांडणं सुरू होतात.

ही गोष्ट कागदावर नीट लिहून ठेवली ती अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या एका शेतकऱ्यानं. डी. वॉर्ड किंग हे त्याचं नाव, मेटलंड हे त्याचं गाव. त्याला रान नव्हे, घरापुढचा रस्ता सपाट करायचा होता. मातीचा रस्ता, पाऊस पडला की लोणी, वाळला की चाकोऱ्या. १८९६ साली त्यानं एका जुन्या लाकडी पंपाचा खांब आणि एक ओकचा वासा घेतला, दोन्ही समांतर ठेवून फळ्यांनी जोडले आणि घोडे जुंपून ते धूड घरापासून शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे सुधारून त्यानं एकच ओंडका उभा चिरला, दोन फाकी अडीच फुटांच्या अंतरानं बसवल्या, सपाट बाजू पुढे ठेवल्या. एवढंच. अमेरिकेच्या शेतीखात्यानं १९०८ साली या चिरलेल्या ओंडक्यावर शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली, क्रमांक ३२१, लेखक खुद्द किंग. आयोवा राज्यात त्याच्या व्याख्यानांसाठी खास रेल्वेगाडी फिरवली गेली. ओंडका कसा ओढावा हे सांगायला आलेल्या माणसासाठी माणसं स्टेशनावर जमत, हे आज विचित्र वाटेल. पण यूट्यूबवर ट्रॅक्टरमागच्या पाट्याचे व्हिडिओ किती लोक रात्री जागून बघतात, याचा अंदाज घेतला म्हणजे वाटणार नाही.

किंगच्या पुस्तिकेतल्या दोन गोष्टी माळावरच्या माणसानं उचलाव्यात अशा आहेत. पहिली साखळीची. आखूड साखळीनं ओढलं, की पाट्याचं तोंड वर उचललं जातं आणि तो नुसता सरकतो. साखळी लांब सोडली, की तोंड जमिनीत घुसतं आणि माती जास्त कापली जाते. म्हणजे खोली कमी-जास्त करायला हायड्रोलिक नको, साखळीच्या चार कड्या पुरतात. सल्लागार मंडळात हा मुद्दा आजवर कुणी काढलेला नाही, कारण साखळी हा विषय वेल्डिंगमध्ये येत नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि तिथे आपला शेतकरी किंगच्या आजोबांच्या आधीपासून शहाणा आहे. किंगचा सगळा शोध इतकाच, की पाऊस पडून गेल्यावर रस्ता ओलसर असताना ओढा. आपल्याकडे त्याला वाफसा म्हणतात, आणि वाफसा आला का नाही हे मूठभर माती दाबून बघणारी बाई गावोगाव आहे. वाफशाआधी पाटा घातला, तर माती थापली जाऊन वर पापडी धरते. वाफसा निघून गेल्यावर घातला, तर ढेकूळ फुटत नाही, नुसतं लोळतं. पाट्यापुढे ढेकळांची मिरवणूक निघते आणि बांधाशी जाऊन थांबते. मधला काळ चार-दोन दिवसांचा. नेमका त्याच दिवसांत गावातला ट्रॅक्टर लग्नाच्या वरातीला गेलेला असतो.

मग येतो वजनाचा प्रश्न. पाटा वेल्डरच्या दारात जड वाटतो, रानात गेल्यावर हलका होतो. ढेकळांवरून तो उड्या मारत जातो. त्यावर वजन काय ठेवावं, याबाबत प्रत्येक घराची रीत वेगळी. कुणी सिमेंटच्या गोण्यांत माती भरतं, कुणी तुटक्या जात्याची तळी बांधतं, एखादा इंजिनाचं फ्लायव्हील चढवतो. किंगच्या मिसूरीत तर हाकणाराच ओंडक्यावर फळी टाकून उभा राही आणि पुस्तिकेत त्यानं पावलं कुठे टाकावीत याचे धडे होते : या टोकाला सरकलं की तिकडे जास्त कापतं, मागे झालं की माती सुटून खळगा भरतो. लगाम हातात, घोडे पुढे, आणि मालक ओंडक्यावर डावीकडे-उजवीकडे पावलं टाकतोय. नाच म्हटलं तरी चालेल, फक्त टाळ्या नव्हत्या.

पाट्याकडून लोकांच्या अपेक्षा मात्र फार असतात, आणि त्या मोडण्यासाठी एक छोटं गणित पुरेसं आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. त्यावरची फक्त एक इंच माती हलवायची म्हटलं, तर ती ३,६३० घनफूट होते. वजनात सव्वाशे टनांच्या पुढे. म्हणजे वरवर खरवडायचं काम दहा टनी ट्रकच्या डझनभर खेपांएवढं. एवढी माती पाटा एका उन्हाळ्यात इकडून तिकडे नेणार नाही, आणि ज्याला तो नेईल असं वाटतं, त्याला डिझेलवाला प्रेमानं नमस्कार करतो. पाटा दर हंगामाला थोडं थोडं करतो. टेपाडाचं नाक घासतो, लवणाचा तळ भरतो. चार-पाच वर्षांनी पाणी पाटातून दुसऱ्या टोकाला पोचतं, तेव्हा त्याचं श्रेय बहुधा नव्या बियाण्याला जातं.

धीर नसलेल्यांसाठी जेसीबी आहे. तासाच्या भावानं येतो, दुपारपर्यंत शेत टेबलाच्या बरोबरीला आणतो आणि पैसे घेऊन जातो. घोटाळा पावसाळ्यात कळतो. टेपाडावरची वीतभर कसदार माती लवणाच्या तळाशी गाडली गेलेली असते, आणि टेपाडाच्या जागी उघडा पडलेला पांढरा मुरूम ज्वारीला बघून हसत असतो. एकाच शेतात एकीकडे पीक गळ्यापर्यंत आणि दुसरीकडे घोट्यापर्यंत, अशी आखणी लांबून ओळखू येते. बोटभर माती तयार व्हायला शतकं लागतात. ती खाली घालायला एक दुपार पुरते. मग तलावातला गाळ आणून वर पसरायचा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना २०१७ मध्ये आली, तेव्हा अशा उघड्या पडलेल्या रानांच्या मालकांनी तिचं मनापासून स्वागत केलं. मुरमाची अडचण मुळात कशी आली, हे अर्जात लिहावं लागत नव्हतं.

याहून नाजूक यंत्र म्हणजे लेझर लेव्हलर. शेताच्या कडेला तिकाटण्यावर दिवा फिरतो, ट्रॅक्टरमागच्या बकेटच्या खांबावरचा डोळा तो प्रकाश टिपतो, आणि हायड्रोलिक आपोआप बकेट वर-खाली करतं. दोन-चार सेंटिमीटरांच्या आत शेत सपाट होतं. ऊसपट्ट्यात, भातशेतीत त्यानं पाण्याची मोठी बचत होते, यात शंका नाही. माळावर मात्र त्याची पंचाईत होते. लेझरला उंची दिसते, गोटा दिसत नाही. बकेटचं पातं धोंड्याला लागलं, की जो आवाज होतो, तो ऐकून लाखांचं यंत्र भाड्यानं देणारा माणूस स्वतः खाली उतरतो, दगड बघतो, मालकाकडे बघतो, आणि तिकाटणं गुंडाळायला लागतो.

तेव्हा दगड वेचावेच लागतात. पाटा ते करत नाही, फक्त उघडे पाडतो. पहिल्या फेरीनंतर रान जास्तच खडकाळ दिसतं आणि मालकाचा पाट्यावरचा विश्वास उडतो. खरं तर तीच वेचणीची वेळ. बायका घमेली घेऊन ओळीनं निघतात, पुरुष पहार घेऊन एकाच मोठ्या धोंड्याभोवती तासभर चर्चा करतात. तो धोंडा निघत नाही. दिसतो तो त्याचा माथा असतो, उरलेला जमिनीखाली शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत गेलेला असावा, असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी पेरणीची तिफण त्याला वळसा घालून जाते.

वेचलेले दगड जायचे कुठे? बांधावर. इथे शेती संपून महसूल खातं सुरू होतं. दगड रचता रचता बांध दरवर्षी थोडा रुंद होतो, आणि रुंद तो नेहमी पलीकडच्या बाजूनं होतो. त्याच वेळी अलीकडच्या बाजूला पाटा दर वळणाला बांधाची माती चार बोटं चाटून नेतो. काही वर्षांत बांध जागेवरून हललेला असतो, पण हलवला कुणी नाही असं दोन्ही बाजू शपथेवर सांगतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकाचीच आहे. मोजणीदार येतो, जुना हद्दीचा दगड शोधतो. माळावर हजार दगडांतून तो एक दगड ओळखायचा असतो. दोन्ही घरांतली म्हातारी माणसं आपापला दगड दाखवतात.

या सगळ्याकडे एका माणसानं फार आधी गांभीर्यानं पाहिलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती अडवण्यासाठी ताली-बंधारे घालावेत आणि ते काम रिकाम्या बसलेल्या लष्कर-पोलिसांतल्या शिपायांकडून करून घ्यावं, अशी सूचना केली. शिपाई काही आले नाहीत. योगायोग असा, की त्याच १८८३ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावी जेम्स पोर्टियस नावाच्या स्कॉटिश कारागिरानं एका मातीओढीचं पेटंट घेतलं. वाकलेल्या पत्र्याचा पोहरा, खाली पातं, मागे लांब दांडा. दांडा उचलला की पातं माती कापतं, खाली दाबला की पोहरा भरून घसरत जातो, पूर्ण उलटला की माती सांडते. आपली केणी बघितलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. पण गावाचंच नाव लागलेला हा 'फ्रेझ्नो' पुढे पनामा कालव्याच्या खोदाईवरही गेला. त्याची एकच खोड होती. पातं लपलेल्या दगडाला अडलं, की दांडा उसळून हाकणाऱ्याला लागायचा. कॅलिफोर्नियातही दगड आधी दिसत नसत.

आणि शिपाई आले नाहीत म्हणून काम अडलं, असंही नाही. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकरच्या अंगाला, पडकई नावाची जुनी रीत आहे. उतारावरच्या दगडांची ताल रचायची, मागे माती भरून भाताचं खाचर काढायचं, आणि हे एकट्यानं नाही तर आळीपाळीनं सगळ्यांनी मिळून, आज तुझ्या रानात तर उद्या माझ्या. पैसा नाही, जेवण. सरकारनंही पुढे या नावानं कार्यक्रम घेतला. तिथे दगड ही अडचण राहत नाही, बांधकामाचं सामान होतं. माळावरच्या भावकीला हे सांगून बघायला हरकत नाही. आज तुझ्या रानात येतो, असं चुलतभावाला म्हटल्यावर तो आधी मोजणीचा नकाशा शोधायला घरात जाईल, एवढी तयारी ठेवावी.

आता शेवटचं, आणि यात थट्टा नाही. बैलांच्या मैंदावर बसणं हे गेल्या पिढीतल्या पोरांचं फुकटातलं वाहन होतं. वजन म्हणून मैंदावर तीन-चार पोरं बसवत, ती धुळीनं माखत, ओरडत रानभर फिरत. आज साठीतली कितीतरी माणसं ते सुख आठवून सांगतात. पण बैल गोट्याला अडले की थांबत. ट्रॅक्टर थांबत नाही, ओढतो. पाटा उसळतो, उलटतो, आणि वर बसलेलं पोर त्याच्याखाली जातं. दुसरा धोका ट्रॅक्टरचाच. पाट्याची साखळी मागच्या आसाच्या वर, टॉप लिंकच्या जागी अडकवली आणि पाटा धोंड्याला अडला, तर पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो. सावरायला दोन सेकंदही मिळत नाहीत. ट्रॅक्टर घडवणाऱ्या हॅरी फर्ग्युसननं औजार जोडायची तीन सांध्यांची जोडणी काढली, तिच्यामागे ट्रॅक्टर असे उलटू नयेत हेही एक कारण होतं. तेव्हा घरच्या पाट्याची साखळी खालच्या ड्रॉबारलाच, आसाच्या खाली. वळताना वेग कमी. आणि वजन हवं असेल, तर दगड ठेवा, दोरानं आवळून बांधा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काळा दगड जवळजवळ ८० किलो भरतो, म्हणजे दोन पोरांपेक्षा जास्त, आणि तो मध्येच उतरून पाणी मागत नाही.